बाबागाडीत बाळ रडते तेव्हा...

जळगावात मेहरूण तलावाचा काठ असो वा काव्यरत्नावली चौकाजवळचे भाऊंचे उद्यान, धुळ्यात देवपूरची एखादी कॉलनी असो वा पांझरेचा काठ. उन्हाळ्याच्या दिवसांत सायंकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास एक दृश्य हमखास नजरेस पडते. वडील बाबागाडी ढकलत असतात. गाडीत पाण्याची बाटली, दुपटे आणि भाजीची पिशवी ठेवलेली असते आणि ज्याच्यासाठी ती गाडी घेतली ते बाळ आईच्या खांद्यावर रडून रडून लाल झालेले असते. सल्ला देणाऱ्यांची वाण नसते. ‘अगं, भूक लागली असेल त्याला’, ‘दृष्ट काढली का?’, ‘आमच्या वेळी कुठे होत्या या गाड्या!’ अशा दोन-तीन सायंकाळी गेल्या, की गाडी गॅलरीत जाते आणि तिच्या दांडीवर लंगोट वाळू लागतात.

खान्देशात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून बऱ्यापैकी टिकून आहे. बाळंतविड्यात झबली, टोपडी, दुपटी यांच्या जोडीला आता बाबागाडीही येते. आजोळहून आलेल्या या गाडीत बाळ क्षणभरही राहत नाही म्हटल्यावर प्रश्न केवळ रडण्याचा उरत नाही. ‘हिला मूल सांभाळता येत नाही’ इथपर्यंत बोलणी जातात. दीड-दोन महिन्यांच्या बाळंतिणीने हे ऐकून घ्यायचे आणि पुढे घराबाहेर पडणेच सोडून द्यायचे, असे अनेक घरांत घडते. म्हणून वरवर किरकोळ वाटणारा हा विषय थोडा खोलात जाऊन पाहण्याजोगा आहे.

सव्वा महिना आणि सहावा आठवडा

तान्हे बाळ दिवसाकाठी किती रडते, याची मोजदाद बालरोगतज्ज्ञांनी फार पूर्वीपासून केली आहे. अमेरिकेतील डॉ. टी. बेरी ब्राझेल्टन यांनी १९६२ मध्ये ८० निरोगी बाळांच्या रडण्याच्या रोजच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दुसऱ्या आठवड्यात दिवसाला पावणेदोन तासांच्या आसपास असलेले रडणे सहाव्या आठवड्यात पावणेतीन तासांवर गेले आणि त्यानंतर उतरत गेले, असे त्यांना आढळले. निरनिराळ्या देशांतील अशा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये झाले, तेव्हा आकडे थोडे कमी भरले. पहिल्या सहा आठवड्यांत दिवसाला सरासरी दोन तासांच्या आसपास आणि बाराव्या आठवड्यापर्यंत तास-सव्वा तास, असे ते चित्र होते. तपशिलात फरक असला तरी पहिल्या दीड महिन्यात रडणे भरात असते आणि तीन-चार महिन्यांत ते ओसरते, यावर एकमत आहे.

आता आपल्याकडची रीत पाहा. बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. सव्वा महिना सरला, की देवदर्शन होते, नातलगांकडे जाणे-येणे सुरू होते आणि कोपऱ्यात ठेवलेली बाबागाडी पहिल्यांदा बाहेर निघते. दिवस मोजले तर हा काळ नेमका सहाव्या आठवड्याच्या तोंडाशी येतो. म्हणजे बाळ आयुष्यात सर्वाधिक रडण्याच्या टप्प्यावर असताना आपण त्याला प्रथमच गाडीत ठेवतो! भरीस भर म्हणून शासकीय लसीकरणातील दीड महिन्याची लसही याच सुमारास येते. पेंटाव्हॅलेंट लसीनंतर एक-दोन दिवस थोडा ताप येणे, मांडी दुखणे, किरकिर वाढणे हे नेहमीचे आहे. लस दिली त्याच सायंकाळी गाडीचा मुहूर्त करणाऱ्या घरात गाडी अपशकुनी ठरली, तर नवल नाही.

तिन्हीसांजेचे रडणे

आठवड्याचे झाले, तसेच वेळेचेही. या वयातील बाळांचे रडणे दिवसभर सारखे विखुरलेले नसते. दुपार कलल्यापासून रात्रीपर्यंत, विशेषतः तिन्हीसांजेला ते दाटून येते. सारे जग हे अनुभवते. आपल्या आज्या-पणज्यांनाही ते ठाऊक होते. दिवेलागणीला बाळावरून मीठ-मोहरी उतरवण्याची प्रथा याच वेळेभोवती रुजलेली दिसते. रोज तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीनहून अधिक दिवस आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ असे रडणे चालले तर त्याला ‘कोलिक’ म्हणावे, असा ठोकताळा डॉ. वेसेल यांनी १९५४ मध्ये मांडला होता. आपल्याकडे त्याला पोटदुखी म्हणून मोकळे होतात, पण त्याचे एकच एक कारण अद्याप कोणाला ठामपणे सांगता आलेले नाही.

खान्देशातील अडचण अशी, की मार्च ते जून या काळात बाळाला बाहेर नेण्यास सायंकाळखेरीज वेळच सापडत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो, सकाळी नऊलाच रस्ता तापलेला असतो. मग सहानंतर गाडी निघते आणि तीच बाळाच्या रडण्याची घटका असते. आठवडा रीतीने ठरवला, वेळ उन्हाने ठरवली आणि दोष मात्र गाडीला मिळाला, असा हा प्रकार आहे.

उपाय त्यातूनच निघतो. उन्हाळ्यात पहिली फेरी पहाटेनंतर लगेच, सूर्य वर येण्याच्या आत काढावी. बाळ त्या वेळी बहुधा शांत असते, हवाही सोसवेल अशी असते. हिवाळ्यात याउलट करावे. धुळे-जळगावची थंडीची पहाट बोचरी असते, तेव्हा सकाळी नऊ-दहाचे कोवळे ऊन बरे.

झोळीत असते, गाडीत नसते

तरीही काही बाळे भल्या सकाळी, पोट भरलेले असतानाही गाडीत ठेवताच टाहो फोडतात. कडेवर घेतले की गप्प, ठेवले की पुन्हा सुरू. याला घरोघरी ‘हाताची सवय’ म्हणतात आणि ती मोडायला हवी, असेही सांगतात. विज्ञान मात्र बाळाच्या बाजूने उभे आहे. जपानमधील रिकेन या संस्थेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की आई बाळाला घेऊन चालू लागली म्हणजे त्याचे रडणे आणि हालचाल तर थांबतेच, शिवाय हृदयाचे ठोकेही लगोलग मंदावतात. आई नुसती बसून राहिली तर तेवढा परिणाम होत नाही. उंदराच्या पिलांतही हेच आढळले. हा उपजत प्रतिसाद आहे; त्यात लाडावण्याचा प्रश्न येत नाही.

याच गटाने २०२२ मध्ये पुढचा अभ्यास प्रसिद्ध केला. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटे सलग, न थांबता चालावे; झोप लागली तर लगेच खाली न ठेवता पाच ते आठ मिनिटे घेऊन बसावे आणि मग ठेवावे, असा त्याचा सारांश. घाईने ठेवलेल्या बाळांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक बाळे काही सेकंदांतच टक्क जागी झाली होती. अंग गादीला टेकते तेव्हापेक्षा आईच्या अंगापासून सुटते तेव्हा बाळ चाळवते, असे त्यात दिसले. कॅनडात मॉन्ट्रियल येथे १९८६ मध्ये झालेल्या अभ्यासात, रडण्याची वाट न पाहता रोज काही तास अधिक अंगावर वागवलेली बाळे सहाव्या आठवड्यात इतरांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी रडली.

हे वाचताना कपाशीच्या शेतातील झोळी आठवल्याशिवाय राहत नाही. अहिराणीत आणि लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून तिकडे तिची ‘झोयी’ होते. बांधावरच्या निंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधून माय निंदणीला लागते आणि येता-जाता तिला हलका झोका देते. मऊ सुती कापड चहूबाजूंनी अंगाला लागलेले, आईचा वास असलेले, आणि झोका सलग. बाबागाडीत यातले काहीच नसते. पाठीखाली सपाट गादी, बाजूला मोकळी जागा, वर प्लास्टिकचे छत आणि हालचाल म्हणजे खड्ड्यागणिक बसणारा दचका. मात्र झोळीचा उदोउदो करतानाही सावध राहावे. खोल झोळीत बाळाची हनुवटी छातीवर टेकून श्वास कोंडू शकतो, कापड तोंडावर येऊ शकते. डोळ्यांआड, रात्रभर किंवा मोठ्या भावंडाच्या भरवशावर बाळाला झोळीत ठेवू नये. झोपण्यासाठी घट्ट, सपाट अंथरुण आणि पाठीवर उताणे, हीच सुरक्षित रीत.

गाडीच्या जातीचाही विचार करावा. बाबागाडीचा इतिहास १७३३ मध्ये इंग्लंडात विल्यम केंट याने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी बनवलेल्या गाडीपासून सांगतात. ती लहान जनावराने ओढायची होती. छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी आली ती १९६५ मध्ये. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेल्या ओवेन मॅक्लॅरेन या अभियंत्याने ती तयार केली. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या स्वस्त मिटत्या गाड्या याच वंशातल्या. त्यांतील अनेकींची पाठ पुरती आडवी होत नाही. मान न धरलेल्या बाळाला अशा गाडीत ठेवले, की ते घसरून दुमडते, मान पुढे पडते आणि ते रडते. किंबहुना रडते हे बरेच, कारण गप्प राहून गुदमरणे अधिक घातक. तीन-चार महिन्यांपर्यंत पाठ पूर्ण सपाट होणारी गाडीच वापरावी. ती नसेल तर गाडी खुशाल कोपऱ्यात राहू द्यावी आणि बाळ कडेवर किंवा अंगाला बांधलेल्या दुपट्यात न्यावे. दुपट्यात बाळाचे तोंड सदैव दिसेल आणि त्याची हनुवटी छातीपासून सुटी राहील, एवढे पाहावे.

छतावर टाकलेले कापड

खान्देशात बाबागाडीतील बाळ रडण्याचे सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे उकाडा. ऊन लागू नये म्हणून पालक गाडीवर ओढणी, टर्किश टॉवेल किंवा दुपटे पसरतात. हेतू चांगला, परिणाम उलटा. आतली हवा कोंडते आणि गाडीची भट्टी होते. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये याची मोजमापे प्रसिद्ध केली. कोरडी मलमल टाकल्यावर गाडीच्या आतले तापमान अडीच अंशांहून अधिक वाढले. जाड फ्लॅनेलने त्याहून जास्त. मात्र तीच मलमल पाण्याने भिजवून टाकली आणि सोबत लहान पंखा लावला, तेव्हा तापमान सुमारे पावणेपाच अंशांनी उतरले.

जळगावकरांना यात नवल वाटू नये, कारण वाळ्याच्या ताट्यांचा आणि घरोघरच्या कूलरचा हाच न्याय. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्याने तो येथे चांगला लागू पडतो. कापड पातळ सुती असावे, ते बाळाच्या तोंडाजवळ लोंबू नये, समोरची बाजू मोकळी ठेवावी आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी ते पुन्हा भिजवावे. जुलैनंतर हवा दमट झाली, की कूलरप्रमाणे हा उपायही निरुपयोगी ठरतो. आणि भर दुपारी ४४-४५ अंशांत हा प्रयोग करूच नये. त्या वेळी बाळाची जागा घरात आहे.

तान्ह्या बाळाला मोठ्यांसारखा घाम येत नाही आणि वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, त्यामुळे बाहेरचा उष्मा त्याच्या अंगात लवकर शिरतो. असे असूनही फेब्रुवारीच्या दुपारी कानटोपी, स्वेटर आणि पायमोजे घातलेली बाळे आपल्याकडे दिसतातच. हातपाय गार आहेत म्हणून कपडे चढवू नयेत. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवून पाहावे. तेथे घामेजलेले, तापलेले लागले तर एक कपडा कमी करावा. गाडीचे बक्कल, लोखंडी दांडी, पायातले वाळे उन्हात चटका देण्याइतके तापतात, तेही तपासावे. गादीवरचे प्लास्टिकचे आवरण काढून सुती चादर घालावी.

पाण्याविषयी मात्र ठामपणे सांगायला हवे. सहा महिन्यांपर्यंत बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये, ग्लुकोज किंवा ग्राइप वॉटरही नको. जागतिक आरोग्य संघटनेचा हा सल्ला आपल्या हवामानालाही लागू आहे. आईच्या दुधात पुरेसे पाणी असते. उकाड्यात फक्त पाजण्याच्या वेळा वाढवाव्यात आणि पाणी भरपूर प्यावे ते आईने.

गाडीची ओळख घरातच

पहिली फेरी रस्त्यावर कशाला? बाळ पोटभर प्यालेले, ढेकर काढलेले, लंगोट बदललेला असताना त्याला घरातच दोन-तीन मिनिटे गाडीत ठेवावे आणि समोर बसून बोलावे. आईची वापरलेली साडी घडी करून, घट्ट खोचून अंथरली तर वासाने बाळ स्थिरावते. उशी किंवा सैल पांघरूण आत ठेवू नये. चार-पाच दिवसांनी गाडी अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत. रडू लागले तर उचलून घ्यावे, पाच मिनिटे चालावे, शांत झाल्यावर पुन्हा ठेवून पाहावे. दुसऱ्यांदाही रडले तर त्या दिवसापुरते सोडून द्यावे. ‘रडू दे, आपोआप सवय होईल’ हा हट्ट दोन महिन्यांच्या बाळापुढे धरण्यात अर्थ नाही.

रस्ता निवडणे आपल्याकडे सोपे नाही, हे मान्य. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज याने आखलेल्या धुळ्याच्या सरळ गल्ल्या कागदावर बाबागाडीसाठी आदर्श आहेत. प्रत्यक्षात दुचाकी, हातगाड्या आणि गटारीवरच्या फरशा यांतून वाट काढावी लागते. जळगावच्या रस्त्यांविषयी वाचकांना वेगळे सांगायला नको. लहान, कडक चाकांची गाडी अशा रस्त्यावर बाळाच्या डोक्यापर्यंत हादरे पोहोचवते. मोठ्या चाकांची गाडी थोडी महाग पडते, पण खड्ड्यांच्या गावात तोच खर्च सार्थकी लागतो. वर्दळीच्या रस्त्यांवर आणखी एक अडचण असते. गाडीतले बाळ जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर, म्हणजे वाहनांच्या धुराच्या उंचीवर असते. तेथे गाडीपेक्षा कडेच बरी.

शक्य असेल तर बाळाचे तोंड आपल्याकडे राहील अशी गाडी घ्यावी. ब्रिटनमध्ये २००८ मध्ये डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांच्या अभ्यासात सुमारे २,७०० पालक आणि बालकांचे रस्त्यावर निरीक्षण झाले. मूल समोर असताना पालक त्याच्याशी जास्त बोलत होते. दोन महिन्यांच्या बाळाला दृश्य दिसले नाही तरी चालते, ओळखीचा आवाज तुटला की ते बावरते.

हे रडणे वेगळे

वर सांगितलेले सारे निरोगी बाळाविषयी आहे. रडण्याचा सूर एकाएकी बदलला, ते तीव्र किंकाळीसारखे झाले किंवा उलट क्षीण, कण्हल्यासारखे झाले, बाळ पिईनासे झाले, मलूल पडले, तर गाडी आणि दृष्ट दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, फुगलेले पोट, फुगलेली वा खोल गेलेली टाळू, झटके, धाप, लघवीचे प्रमाण घटणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये. थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन किंचाळणारे आणि मध्येच निस्तेज पडणारे बाळ आतड्यात आतडे शिरल्याने तसे करत असू शकते. त्यात तास महत्त्वाचे असतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. आशा ताई बाळंतिणीच्या घरी ४२ व्या दिवसापर्यंत भेटी देतात, त्यांनाही शंका विचाराव्यात.

आणखी एक साधी तपासणी. बाळ कशानेच थांबत नसेल तर त्याला उघडे करून पाहावे. करदोटा कमरेत रुतला आहे का, मनगटाचा किंवा पायाचा काळा दोरा घट्ट झाला आहे का, पायमोज्यातला धागा अथवा आईचा केस बोटाभोवती आवळला आहे का? बाळ आठवड्यागणिक वाढते, दोरा वाढत नाही. झोप यावी म्हणून गुटीत अफूचा अंश देण्याची जुनी खोड कोठे शिल्लक असेल, तर ती जीवघेणी आहे.

आईबापांचा धीर

रात्री तीनदा उठलेल्या आईच्या कानाशी तासभर टाहो चालला, की तिचा तोल सुटू शकतो, वडिलांचाही. अशा वेळी गाडी जोरजोराने हलवणे किंवा बाळाला धरून गदागदा हलवणे अत्यंत धोक्याचे आहे. मानेचे स्नायू कमकुवत असल्याने मेंदूला कायमची इजा होते, प्रसंगी मृत्यू ओढवतो. संताप अनावर होतो आहे असे वाटले तर बाळाला पाठीवर, सुरक्षित जागी ठेवावे, खोलीबाहेर जाऊन पाच मिनिटे शांत बसावे आणि घरातील दुसऱ्या कोणाच्या हाती बाळ द्यावे. एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग येथे आहे, सल्ल्यांपेक्षा खांदा देण्यात. दोन आठवड्यांहून अधिक काळ आईचे मन उदास राहत असेल, बाळाजवळ जाणे नकोसे वाटत असेल, तर तोही आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

चौथ्या महिन्यात मान बसते, रडणे निम्म्यावर येते. सहाव्या-सातव्या महिन्यात आधाराने बसू लागलेले तेच बाळ गॅलरीतल्या गाडीकडे हात करू लागते. तेव्हा तिच्या दांडीवरचे लंगोट काढावेत, चाकांना तेलाचा थेंब सोडावा, पट्टे घट्ट आहेत का ते पाहावे आणि मेहरूणच्या काठावर पुन्हा एकदा सकाळची फेरी काढावी. या वेळी बाळाला बगळे दिसतात.